मुक्या सोबत्याचे वियोगभय



मोहगावातील एखादे घर डोळ्यांपुढे आणा. सकाळचे साडेदहा वाजत आले आहेत. वडील सौसरला कामावर गेले आहेत, आई संत्र्याच्या बागेकडे निघाली आहे आणि दोघे भावंडे दप्तर पाठीला लावून शाळेच्या वाटेला लागली आहेत. दाराला कुलूप पडते. आत मोत्या नावाचा कुत्रा एकटा राहतो. पाचदहा मिनिटे होतात न होतात तोच आतून हेल काढून रडणे ऐकू येऊ लागते आणि शेजारीपाजारी त्रासून जातात. सायंकाळी कुलूप निघते तेव्हा दाराच्या चौकटीच्या ढलप्या निघालेल्या असतात, एका चपलेच्या चिंध्या झालेल्या असतात आणि एरवी कधीही घरात घाण न करणाऱ्या ह्या शहाण्या कुत्र्याने उंबरठ्याशीच घाण केलेली असते. घरची मंडळी संतापतात. "आपण ह्याला ठेवून गेलो, म्हणून ह्याने सूड उगवला," असे एकजण म्हणतो. दुसरा काठी शोधू लागतो. तिसरा सुचवितो, की ह्याला सर्पा नदीपलीकडे नेऊन सोडून द्यावे.

हे चित्र कल्पनेतील आहे. परंतु ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांस ते सर्वस्वी अनोळखी वाटणार नाही. ह्या पाठात आपणांस एवढेच पाहावयाचे आहे, की कुलूप पडल्यावर मोत्याच्या मनात काय चालले होते. ते कळले तर काठी खाली ठेवली जाईल. न कळले तर एक निरपराध जीव घराला मुकेल.

मोत्या रागावलेला नव्हता, तो घाबरलेला होता. आपल्या माणसांपासून दूर राहताच काही कुत्र्यांस जी अनावर भीती वाटते, तिला आपण वियोगभय असे नाव देऊ. हा खोडसाळपणा नव्हे, की लाडाने आलेला हट्टही नव्हे. पशुवैद्य त्यास एक विकार मानतात आणि त्यावर उपाय करतात.

हे नाते किती जुने?

कुत्रा हा लांडग्याच्या कुळातील प्राणी. लांडगा कळपाने राहतो, कळपाने शिकार करतो आणि कळपानेच पिले वाढवितो. एकटे पडलेले पिल्लू म्हणजे संकटात सापडलेले पिल्लू. म्हणून निसर्गाने त्यास एक युक्ती दिली आहे: एकटे पडताच मोठ्याने हेल काढावयाचे, म्हणजे कळपातील इतरांस आपला ठावठिकाणा कळतो. मोत्याचे रडणे ही त्या प्राचीन हाकेचीच आठवण होय. फरक इतकाच, की त्याचा कळप आता तुम्ही आहात.

हा कळप बदलण्यास हजारो वर्षे लागली. जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक प्राचीन दफन सापडले. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीच्या त्या दफनात एक पुरुष व एक स्त्री यांच्याबरोबर कुत्र्याच्या पिलाचीही हाडे होती. त्या हाडांच्या व दातांच्या परीक्षणावरून असे दिसते, की ते पिल्लू दीर्घकाळ आजारी होते आणि माणसांनी शुश्रूषा केल्यावाचून ते तितके दिवस जगले नसते. आपल्या देशात काश्मीरमधील बुर्झाहोम येथेही नवाश्मयुगातील माणसांसमवेत कुत्रे पुरलेले आढळले आहेत. सोबतीचा हा करार असा शेतीच्याही आधीचा आहे.

ही सोबत केवळ भाकरीपुरती आहे काय? हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारला. मेरी एन्सवर्थ ह्या मानसशास्त्रज्ञ विदुषीने आई व तान्हे मूल यांच्यातील ओढ पारखण्यासाठी एक परीक्षा बसविली होती. अपरिचित खोलीत आई मुलाजवळ बसते, मग एक परकी व्यक्ती येते, आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. ह्या प्रत्येक वेळी मूल कसे वागते ते टिपावयाचे. हंगेरीतील बुडापेस्ट येथे योझेफ तोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच परीक्षा ५१ कुत्रे व त्यांचे धनी यांच्यावर घेतली. तिचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. धनी जवळ असता कुत्रे निर्धास्तपणे खोलीत हिंडत व खेळत. तो बाहेर गेला की दाराशी जाऊन उभे राहत. तो परतला की परक्यापेक्षा त्याचेच स्वागत अधिक उत्कटतेने करीत. म्हणजे मुलास जसा आईचा, तसा कुत्र्यास धन्याचा आधार वाटतो. पुढे २०१५ साली जपानमधील संशोधकांनी दाखविले, की कुत्रा आणि त्याचा धनी एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे द्रव्य वाढते. माता आणि बालक यांच्यातील मायेशी ज्या द्रव्याचा संबंध आहे, तेच हे द्रव्य होय. माणसांनी वाढविलेल्या लांडग्यांत मात्र असा परिणाम दिसला नाही.

ज्याची स्मारके उभारतो, त्यालाच काठी

आपल्या लोकांस ही ओढ शास्त्रज्ञांच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक होती. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात धर्मराज सोबत आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गात पाऊल ठेवण्यास नकार देतो. सातारजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवितात. रायगडावर १९३६ साली वाघ्याचे स्मारक उभारले गेले. शिवछत्रपतींच्या चितेत वाघ्याने उडी घेतली, ही कथा आपणांपैकी बहुतेकांनी ऐकली असेल. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार मिळत नाही, म्हणून इतिहासाचे अनेक अभ्यासक तिला दंतकथाच मानतात, आणि त्या स्मारकावरून वादही झाले आहेत. तेव्हा तिला इतिहास म्हणू नये. परंतु अशी कथा लोकांना खरी वाटावी, यावरून कुत्र्याच्या मनाविषयी त्यांची समजूत काय होती ते दिसते.

जपानमधील हाचिको ह्या कुत्र्याची हकीकत मात्र पुराव्यांनी सिद्ध आहे. टोकियोतील प्राध्यापक उएनो हे रोज आगगाडीने येत, आणि हाचिको शिबुया स्थानकावर त्यांची वाट पाही. १९२५ च्या मे महिन्यात प्राध्यापक कामावर असतानाच एकाएकी वारले. हाचिको त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे, १९३५ च्या मार्चमध्ये मरण येईपर्यंत, त्या स्थानकावर येत राहिला. त्याच्या हयातीतच, १९३४ साली, तेथे त्याचा पुतळा बसविण्यात आला.

आता ह्या गोष्टी मोत्याच्या शेजारी ठेवून पाहा. पुराणात, गडावर, परदेशातील स्थानकावर जी ओढ पाहून आपण हात जोडतो, तीच ओढ आपल्या उंबरठ्यावर चौकट कुरतडताना दिसली, की आपण हातात काठी घेतो! ओढ आणि वियोगभय एकच आहेत असे मात्र समजू नये. ओढ निरोगी असते. बहुतेक कुत्रे धनी गेल्यावर थोडा वेळ दाराकडे पाहतात आणि मग झोपी जातात. ज्याप्रमाणे ताप हा शरीराच्या उष्णतेचाच अतिरेक, त्याप्रमाणे वियोगभय हा ह्या ओढीचा अतिरेक होय.

आपल्या आजोबांच्या काळी ही तक्रार फारशी ऐकू येत नसे, हेही खरे. त्या काळी कुत्रा घरात कोंडला जात नव्हता. तो गल्लीचा, खळ्याचा आणि बागेच्या राखणीचा होता. आणि घरही क्वचितच रिकामे राही. ओसरीवर आजी असे, अंगणात गोठा असे. आता कुटुंबे लहान झाली, सर्वांच्या वेळा घड्याळाशी बांधल्या गेल्या, आणि दिवसभर कुलूपबंद घरात एकटा राहणारा कुत्रा हा नवा प्राणी निर्माण झाला. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा ह्याच्या उलट घडले. महिनोन्महिने सारी माणसे घरात राहिली. त्या काळात वाढलेल्या पिलांनी एकांत असा पाहिलाच नव्हता. शाळा व कचेऱ्या उघडतील तेव्हा ह्या पिलांचे काय होईल, ही चिंता अनेक देशांतील प्राणिहितचिंतकांनी बोलून दाखविली.

याशिवाय धनी बदलणे, घर बदलणे, घरातील प्रेमाचे माणूस कायमचे जाणे, पिल्लू फार लवकर आईपासून तोडणे, ही कारणेही संभवतात. काही कुत्रे स्वभावतःच भित्रे असतात. म्हणून ज्याच्या कुत्र्यास हा विकार जडला, त्याने स्वतःस अपराधी मानण्याचे कारण नाही.

ओळखावे कसे?

वियोगभयाची लक्षणे अशी: सतत भुंकणे वा हेल काढणे; दार, खिडकी अशा बाहेर जाण्याच्या वाटाच ओरबाडणे; घरात मलमूत्र विसर्जन करणे; येरझाऱ्या घालणे; धापा टाकणे; लाळ गाळणे; आणि आवडीचे अन्नही न शिवणे. बहुधा ही लक्षणे माणसे बाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासाच्या आतच सुरू होतात. सर्वांत महत्त्वाची खूण ही, की माणसे घरी असता हा कुत्रा असे काहीही करीत नाही. घरात एखादा जुना मोबाइल असेल तर तो चित्रण चालू करून कोपऱ्यात ठेवावा. ते चित्रण पाहिले, म्हणजे सूडाची कल्पना बहुधा आपोआप गळून पडते. त्यात दिसतो तो मौजेने चप्पल फाडणारा कुत्रा नव्हे, तर थरथरत दाराशी धावणारा जीव.

तथापि प्रत्येक नासधूस म्हणजे वियोगभय नव्हे. चार ते सहा महिन्यांच्या पिलाचे दुधाचे दात पडून नवे येत असतात. ते सर्वांच्या देखतही वस्तू चावते. व्यायामावाचून कंटाळलेला तरुण कुत्रा खेळ म्हणून उशी फाडतो. दिवाळीतील फटाक्यांनी पुष्कळ कुत्री भेदरतात. मूत्रमार्गाच्या विकारामुळेही घरात घाण होते. म्हणून प्रथम पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी.

एक सूचना विशेष ध्यानात ठेवावी. लाळ गळणे, आवाज बदलणे, वस्तूंस चावे घेणे ही पिसाळलेल्या कुत्र्याचीही लक्षणे असू शकतात. वियोगभयाने व्याकूळ झालेला कुत्रा आपले माणूस परतताच शांत होऊ लागतो. पिसाळलेला होत नाही. त्यास अन्नपाणी गिळता येत नाही, तो वाटेल त्याच्या अंगावर जातो किंवा त्याचे पाय लुळे पडू लागतात. असा संशय येताच मुलांनी जवळ जाऊ नये, मोठ्यांस सांगावे. कोणत्याही कुत्र्याने चावा घेतल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. आपल्या कुत्र्यास रेबीजची लस पशुवैद्य सांगतील त्या त्या वेळी टोचून घेणे हे तर प्रत्येक धन्याचे कर्तव्यच होय.

शिक्षेने काय होते?

"पण मोत्याला आपली चूक कळते, आम्ही आत येताच तो मान खाली घालतो," असे कोणी म्हणेल. ह्या अपराधी मुद्रेचीही परीक्षा झाली आहे. अमेरिकेतील अलेक्झांड्रा होरोविट्झ ह्यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. धन्याने खाऊस तोंड लावू नकोस असे बजावून बाहेर जावयाचे. परतल्यावर कुत्र्याने आज्ञा मोडली की नाही हे त्यास सांगितले जाई, परंतु कधी खरे तर कधी खोटे. असे आढळले, की अपराधी मुद्रेचा संबंध कुत्र्याच्या अपराधाशी नसून धन्याच्या रागावण्याशी होता. खाऊ न खाताही ज्यांस बोलणी बसली, त्यांची मुद्रा तर अधिकच अपराधी दिसली. खाली घातलेली मान ही कबुली नसून "मला मारू नका" ही विनवणी असते.

कुत्रा शिक्षेचा संबंध त्या क्षणी घडणाऱ्या गोष्टीशी जोडतो. सकाळी कुरतडलेल्या चौकटीसाठी सायंकाळी मार बसला, तर तो एवढेच शिकतो, की माणसे परत आली म्हणजे मार बसतो. आधी त्यास तुमच्या जाण्याचे भय होते. आता तुमच्या येण्याचेही भय उत्पन्न झाले. भयावर भयाची मात्रा चालत नाही.

साखळीने बांधून ठेवणे वा लहान पिंजऱ्यात कोंडणे हाही उपाय नव्हे. घाबरलेला कुत्रा सुटकेसाठी झटताना दात मोडून घेतो, नखे उखडून घेतो. सोबतीस दुसरा कुत्रा आणल्यानेही बहुधा गुण येत नाही. कारण त्यास उणीव भासते ती माणसाची.

उपाय

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह ह्यांचे नाव वरच्या वर्गांतील मुलांनी ऐकले असेल. अन्न देण्यापूर्वी प्रत्येक वेळी एखादा ठरावीक आवाज केला, तर पुढे नुसता आवाज ऐकूनच कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटते, हे त्यांनी दाखविले. मोत्याच्या बाबतीत असेच घडलेले असते. किल्ल्यांचा खुळखुळाट, दप्तराचा पट्टा, चपलांचा आवाज ह्या खुणांशी "आता मी एकटा पडणार" हे भय जोडले गेले आहे. ही गाठ जशी बसली तशीच सोडविता येते. दिवसातून अनेकदा किल्ल्या उचलाव्या आणि पुन्हा खाली ठेवून वाचीत बसावे. चपला घालाव्या आणि घरातच हिंडावे. काही दिवसांनी ह्या खुणांचा अर्थ पुसट होतो.

त्यानंतरची पायरी म्हणजे थोड्याथोड्या वियोगाचा सराव. प्रथम दाराबाहेर पाऊल टाकून लगेच परत यावे. मग अर्धा मिनिट, मग एक मिनिट, मग दोन. कधी वाढवावे, कधी कमी करावे. नियम एकच: कुत्रा घाबरण्यापूर्वीच परतावे. तो रडू लागला, तर आपली पायरी फार उंच झाली असे समजून एक पायरी खाली यावे. जाताना निरोपाचा सोहळा करू नये आणि आल्यावरही शांतपणे वागावे. बाहेर पडण्यापूर्वी त्यास चांगले फिरवून आणावे. जाताना पसरट ताटलीला दहीभात लावून चाटावयास द्यावा. मात्र कांदा, द्राक्षे, मनुका व चॉकलेट कुत्र्यास विषारी ठरतात, म्हणून ती कधीही देऊ नयेत. ताटली अस्पर्श राहिली, तर भय अजून ओसरलेले नाही असे जाणावे.

हा सराव चालू असताना त्यास दिवसभर एकटा टाकल्यास केलेले काम धुऊन जाते. म्हणून तेवढे दिवस आजीआजोबा, शेजारी वा बागेतील राखणदार यांची मदत घ्यावी. आठवडे, प्रसंगी महिने लागतात. विकार तीव्र असेल तर पशुवैद्य औषधही देतात. क्लोमिप्रामिन ह्या औषधास अमेरिकेत १९९८ साली कुत्र्यांच्या ह्याच विकारासाठी मान्यता मिळाली. परंतु औषध हे सरावाच्या जोडीला असते, आणि ते पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावयाचे. माणसांच्या झोपेच्या गोळ्या कुत्र्यास देणे धोक्याचे आहे.

ज्यांच्या घरी नवे पिल्लू आले आहे त्यांनी पहिल्यापासूनच त्यास थोडा थोडा वेळ स्वस्थपणे एकटे राहावयास शिकवावे. "माणसे जातात आणि माणसे परत येतात," हा धडा लहानपणी शिकलेला कुत्रा पुढे सहसा घाबरत नाही.

निरोप घेणाऱ्यांसाठी

आपल्या शाळेतून उत्तीर्ण झालेल्यांपैकी कित्येकजण पुढील शिक्षणासाठी नागपूर वा छिंदवाडा गाठतात. तुम्हांस वसतिगृहात पहिले काही दिवस घर आठवेल; परंतु दिवाळीची सुटी कधी लागणार, हे तुम्हांस ठाऊक असेल. घरी दाराशी बसलेल्या मोत्यास ते सांगता येत नाही. म्हणून निघण्यापूर्वी दोनतीन आठवडे त्याची भाकरी धाकट्या बहिणीच्या हातून घालवावी, त्यास वडिलांबरोबर फिरावयास पाठवावे आणि रात्री आजीच्या खाटेजवळ निजण्याची सवय लावावी. त्याचे प्रेम कमी होणार नाही. त्याच्या आधाराची माणसे मात्र वाढतील.

पोळ्याच्या दिवशी आपण बैलांच्या गळ्यात माळा घालतो, कारण त्यांचे कष्ट आपणांस दिसतात. कुत्र्याने आपणांस जे दिले ते असे डोळ्यांना दिसत नाही. त्याने आपल्यावर भरवसा टाकला, एवढेच. त्या भरवशाचे उत्तर काठीने द्यावयाचे, की नदीपलीकडे सोडून द्यावयाचे, की रोज दहा मिनिटे दाराआतबाहेर करून त्यास धीर द्यावयाचा, हे आपणांस ठरवावयाचे आहे. आज शाळा सुटल्यावर घरी जाल तेव्हा कुलूप काढण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि आतून कोणता आवाज येतो तो ऐका.

स्वाध्याय

१. आपल्या किंवा शेजारच्या कुत्र्याचे, तो ज्यांचा आहे त्यांच्या संमतीने, एक आठवडा निरीक्षण करा. घरची माणसे बाहेर पडण्यापूर्वी तो कोणत्या खुणा ओळखतो, त्यांची यादी करा.

२. वियोगभयाने व्याकूळ झालेला कुत्रा आणि पिसाळलेला कुत्रा यांच्या लक्षणांतील फरक सांगा.

३. "कुत्रा मान खाली घालतो, म्हणजे त्यास चूक कळते." हे विधान कोणत्या प्रयोगामुळे डळमळीत झाले, ते आपल्या शब्दांत लिहा.

४. घरातील वडीलधाऱ्यांस विचारा: त्यांच्या लहानपणी कुत्रा कोठे राही, काय खाई आणि दिवसभर त्याच्या सोबतीस कोण असे? आजच्या स्थितीशी तुलना करा.